प्रत्येक ठिपक्याचा हिशेब

मायक्रोस्कोप घ्यायचा म्हटले की महाविद्यालयाच्या खरेदी समितीपासून संशोधक विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पट मोठे दिसते? पेशींवर काम करणाऱ्याने त्याआधी दुसराच प्रश्न विचारावा. डोळ्यापर्यंत किंवा कॅमेऱ्यापर्यंत जो उजेड पोचला, तो पेशीच्या नेमक्या कुठल्या भागातून आला आणि कशामुळे आला? प्रतिमेतल्या प्रत्येक ठिपक्याबद्दल हे सांगता आले तर साध्या उपकरणावर केलेले कामही टिकते. सांगता आले नाही, तर महागड्या यंत्रावर काढलेले रंगीत चित्र नुसते शोभेचे राहते. या लेखातल्या सगळ्या सूचना या एका आग्रहातून आल्या आहेत, आणि त्या एम.एस्सी.च्या किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या, फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपला नुकताच हात लावणाऱ्या वाचकासाठी आहेत.

आधी विशालनाचा मोह दूर करू. जर्मनीतल्या येना शहरात कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की प्रकाशाने पाहण्याला एक हद्द आहे आणि भिंग कितीही सफाईने घासले तरी ती ओलांडता येत नाही. दोन बिंदू वेगवेगळे ओळखू यायचे असतील तर त्यांच्यात किमान किती अंतर हवे, ते त्यांच्या सूत्रातून निघते: तरंगलांबीला न्यूमरिकल अपर्चरच्या दुपटीने भागायचे. न्यूमरिकल अपर्चर म्हणजे ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातून उजेड गोळा करते याचे माप. ऑब्जेक्टिव्हवर ‘४०/०.६५’ असे कोरलेले असते, त्यातला दुसरा आकडा तो. सगळ्यांचे लक्ष पहिल्या आकड्याकडे जाते, पण तपशील ठरतो दुसऱ्यावर. हिरवा उजेड ५५० नॅनोमीटरचा धरला तर या ०.६५ च्या ऑब्जेक्टिव्हला सुमारे ४२० नॅनोमीटरपर्यंतचे अंतर कळते, महाविद्यालयात असणाऱ्या १००/१.२५ ला सुमारे २२०, आणि १.४ च्या उत्तम ऑब्जेक्टिव्हला जेमतेम २०० नॅनोमीटर. हवेतून काम करणारे ऑब्जेक्टिव्ह ०.९५ च्या पुढे जात नाही, म्हणून काचेच्या अपवर्तनांकाशी जुळणारे, १.५१५ च्या आसपासचे तेल मध्ये घालावे लागते. तेल न घालता वापरलेले १.२५ चे ऑब्जेक्टिव्ह १.२५ चे राहतच नाही. उपयोगी विशालनाची मर्यादाही याच आकड्यातून येते: न्यूमरिकल अपर्चरच्या ५०० ते १००० पट. त्यामुळे १.२५ वाल्या ऑब्जेक्टिव्हवर दहाचा आयपीस काढून वीसचा लावला तर चित्र फुगते, नवे काही दिसत नाही.

विभेदनक्षमता पुरेशी असली तरी पेशी दिसेलच असे नाही. न रंगवलेली जिवंत पेशी बहुतांशी पाणी असते आणि उजेड जवळजवळ शोषतच नाही. म्हणजे दुसरी अडचण कॉन्ट्रास्टची. इथे विद्यार्थी हमखास एक गोष्ट करतात: कंडेन्सरचा डायफ्रॅम बंद करत नेतात. कडा गडद होतात, चित्र ठसठशीत वाटते, आणि तेवढ्यात विभेदनक्षमता हातची गेलेली असते, कारण आरपार उजेडाच्या पद्धतीत ती ऑब्जेक्टिव्ह आणि कंडेन्सर या दोघांच्या अपर्चरवर अवलंबून असते. कडांभोवती दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेघा पेशीच्या नसतात, त्या उजेडाच्या वळण्यातून तयार होतात. यावर उपाय १८९३ मध्ये आउगुस्ट क्योलर यांनी सांगितला, आणि तो आजही रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी करावा. स्लाइडवर फोकस करा. दिव्याजवळचा फील्ड डायफ्रॅम लहान करा. कंडेन्सर वर-खाली करून त्या डायफ्रॅमची कड रेखीव दिसेल असे करा आणि कंडेन्सरचे स्क्रू फिरवून ती दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणा. मग फील्ड डायफ्रॅम दृष्टिक्षेत्राच्या जरासा बाहेर जाईल एवढाच उघडा. शेवटी आयपीस काढून नळीत पाहा आणि कंडेन्सरचा डायफ्रॅम दिसणाऱ्या उजळ वर्तुळाच्या साधारण ७० ते ८० टक्के ठेवा. ऑब्जेक्टिव्ह बदलले की हे पुन्हा करायचे. उजेड जास्त वाटला तर दिवा मंद करा किंवा फिल्टर घाला. त्यासाठी डायफ्रॅमला हात लावू नका.

जिवंत पेशीसाठी फ्रिट्स झेर्निके यांचा फेज कॉन्ट्रास्ट आहे. पेशीतून जाताना उजेड शोषला जात नाही, पण थोडा मागे पडतो. तो मागे पडलेपणा या पद्धतीत उजळ-गडद फरकात उतरतो, आणि त्यासाठी झेर्निकेंना १९५३ चे नोबेल मिळाले. नोमार्स्की यांच्या डीआयसी पद्धतीत पेशी उठावदार दिसते. पण तो उठाव म्हणजे खरी उंची नसते, अपवर्तनांक कुठे झपाट्याने बदलतो एवढेच त्यातून कळते. शिवाय डीआयसीला ध्रुवीकृत प्रकाश लागत असल्याने साध्या प्लॅस्टिकच्या पेट्री डिशमधून ती नीट चालत नाही, काचेच्या तळाची डिश घ्यावी लागते. या दोन्ही पद्धतींना रंजक लागत नाही. फ्लुओरेसन्स सुरू करण्याआधी पेशी फेजमध्ये पाहून त्या चिकटलेल्या, पसरलेल्या आणि निरोगी आहेत ना, हे बघून घेणे ही मी सर्वात फायद्याची पाच मिनिटे समजतो. मरणाऱ्या पेशी जवळजवळ कोणताही रंजक उत्साहाने ओढून घेतात आणि त्या झगमगाटाचे पुढे प्रबंधात प्रकरण होते.

आता फ्लुओरेसन्स. काही रेणू कमी तरंगलांबीचा उजेड घेतात आणि जास्त तरंगलांबीचा परत देतात, हे १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनाइनच्या द्रावणावर दाखवून दिले. ईजीएफपी हे हिरवे प्रथिन ४८८ नॅनोमीटरचा निळा उजेड घेते आणि ५०७ च्या आसपासचा हिरवा देते. केंद्रकातल्या डीएनएला चिकटणारा डॅपी ३५८ घेतो आणि ४६१ देतो. या अंतराच्या जोरावर फिल्टर निळा उजेड अडवतात आणि हिरवा तेवढा पुढे सोडतात. काळ्या पार्श्वभूमीवर हवे तेवढेच चमकते, हे या पद्धतीचे बळ. नेदरलँड्सच्या प्लोम यांनी १९६० च्या दशकात डायक्रॉइक आरसा वापरून वरूनच उजेड टाकायची जी रचना रूढ केली, तिच्यात एकच ऑब्जेक्टिव्ह उजेड टाकते आणि तेच गोळा करते. त्यामुळे प्रतिमेची प्रखरता न्यूमरिकल अपर्चरच्या चौथ्या घाताने वाढते आणि विशालनाच्या वर्गाने घटते. हे सूत्र खरेदीच्या वेळी जवळ ठेवावे. ४०/०.६५ च्या जागी ४०/१.३ चे तेलाचे ऑब्जेक्टिव्ह लावले तर प्रतिमा तात्त्विकदृष्ट्या १६ पट उजळ होते. अंधुक नमुन्यासाठी नवा कॅमेरा मागण्याआधी हा हिशेब करून पाहा. तसेच बहुतेक ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी बनवलेली असतात. तोही आकडा त्यांच्यावरच कोरलेला असतो. प्रयोगशाळेत दीड नंबरची कव्हरस्लिप आणून ठेवणे हा सर्वात स्वस्त सुधार आहे.

मात्र काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे सगळे तुमच्या रंजकाचेच असते, या समजुतीत बहुतेक चुका दडलेल्या असतात. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत अगदी नेहमी दिसणारे काम घ्या: कर्करोगाच्या पेशींना हळदीचा अर्क किंवा शुद्ध कर्क्युमिन देऊन पेशीतले क्रियाशील ऑक्सिजन रेणू वाढले का, हे डीसीएफडीए रंजकाने पाहायचे. कर्क्युमिन दिलेल्या पेशी हिरव्यागार दिसतात, न दिलेल्या अंधुक. निष्कर्ष हातात आल्यासारखा वाटतो. पण कर्क्युमिन स्वतःच निळ्या-जांभळ्या उजेडात हिरवट चमकते, मेदात विरघळते आणि पेशीच्या पटलांत जाऊन बसते. म्हणजे तो हिरवा उजेड रंजकाचा, औषधाचा की दोघांचा, हे त्या दोन स्लाइडांवरून ठरवता येत नाही. ठरवण्यासाठी चार स्लाइडा लागतात: काहीच न दिलेल्या पेशी, फक्त रंजक दिलेल्या, फक्त कर्क्युमिन दिलेल्या, आणि दोन्ही दिलेल्या. चारही एकाच एक्स्पोजरवर, एकाच दिवशी. तिसऱ्या स्लाइडवर हिरवे दिसले तर प्रयोग फसला असे समजू नका. त्या रंजकाऐवजी लाल भागात चमकणारा रंजक घ्यायचा, एवढे कळले. डॉक्सोरुबिसिनचीही हीच गोष्ट. निळ्या-हिरव्या उजेडात ते नारिंगी-लाल चमकते आणि केंद्रकात साठते, त्यामुळे लाल रंजकाने रंगवलेले ‘केंद्रकातले प्रथिन’ प्रत्यक्षात औषधच असू शकते. वनस्पतींच्या छेदांत हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपास गडद लाल चमकते, लिग्निन असलेल्या भित्तिका अतिनील उजेडात निळसर दिसतात. वनौषधींवर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपला अर्क आधी नुसताच, पेशीशिवाय, सगळ्या फिल्टरांतून पाहून घ्यावा.

अँटिबॉडी वापरताना नियंत्रणे वेगळी, तर्क तोच. पहिली अँटिबॉडी न घालता फक्त चमकणारी दुसरी घातलेली स्लाइड हवीच. पण तिच्यावर थांबू नका, कारण तिच्यातून दुसरीचे भरकटणे कळते, पहिलीचे नाही. पहिली अँटिबॉडी योग्य प्रथिनाला चिकटते का, याचा भरवशाचा पुरावा म्हणजे ते प्रथिन काढून टाकलेली पेशी. दोन-तीन रंग एकत्र असतील तर प्रत्येक रंग एकेकटा असलेली स्लाइड करा आणि ती सगळ्या फिल्टरांतून पाहा, कारण रंजकांचे वर्णपट रुंद असतात आणि एकाचा उजेड दुसऱ्याच्या खात्यात सांडतो. डॅपीबाबत एक बारकावा फार थोड्यांना सांगितला जातो. अतिनील उजेडात काही काळ राहिल्यावर त्याच्या काही रेणूंचे रूप बदलते आणि ते हिरव्या व लाल भागातही चमकू लागतात. म्हणून लाल, मग हिरवा आणि डॅपी शेवटी, असा क्रम ठेवा. केंद्रक शोधण्यासाठी डॅपीचा उजेड लावून स्लाइडभर फिरण्याची सवय मोडायला हवी; फोकस फेजमध्ये साधावा.

पेशी मारून, स्थिर करून पाहिल्या जातात तेव्हा उजेडाच्या हिशेबात आणखी एक कलम वाढते. याचे सर्वात बोधप्रद उदाहरण एचआयव्हीच्या टॅट प्रथिनातून घेतलेल्या छोट्या पेप्टाइडचे आहे. हे पेप्टाइड पेशीचे पटल सहज ओलांडून थेट केंद्रकात जाते, असे अनेक वर्षे मानले जात होते, कारण स्थिर केलेल्या पेशींच्या प्रतिमांत केंद्रक चमकताना दिसे. २००३ मध्ये बर्नार लेब्लू यांच्या गटाने जिवंत पेशी पाहिल्या, तेव्हा पेप्टाइड पेशीने गिळलेल्या छोट्या पुटिकांमध्ये ठिपक्यांच्या रूपात सापडले. सौम्य पद्धतीने स्थिर केले तरी ते तिथून सुटून केंद्रकात जाऊन बसत होते. मायक्रोस्कोपचा यात काही दोष नव्हता. केंद्रकातून आलेला उजेड खराच होता, फक्त पेशी जिवंत असताना तो तिथे नव्हता. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. एखाद्या प्रथिनाच्या जागेबद्दल विधान करायचे असेल तर किमान दोन वेगळ्या पद्धतींनी, म्हणजे उदाहरणार्थ पॅराफॉर्माल्डिहाइडने आणि थंड मिथेनॉलने, पेशी स्थिर करून पाहा, आणि शक्य असेल तिथे जीएफपी जोडून जिवंत पेशीत पडताळा घ्या. जिवंत पेशीतही उजेड फुकट नसतो. तीव्र उजेडाने रंजक विझतो आणि क्रियाशील ऑक्सिजन रेणू तयार होऊन पेशीला इजा होते. उजेड न दाखवलेल्या शेजारच्या पेशी त्याच वेगाने विभागताहेत का, हे पाहिल्याशिवाय तासन्‌तास घेतलेल्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नये.

सर्वाधिक गैरसमज मात्र पिवळ्या रंगाचा आहे. हिरवी आणि लाल प्रतिमा एकमेकींवर ठेवली, काही भाग पिवळा झाला, की लगेच ‘ही दोन प्रथिने एकमेकांना जोडलेली आहेत’ असे लिहिले जाते. जीएफपीचा रेणू सुमारे ४ नॅनोमीटर लांब असतो, मायक्रोस्कोपचा सर्वात लहान ठिपका २०० नॅनोमीटरचा, आणि खोलीच्या दिशेने तो आणखी लांब, उत्तम ऑब्जेक्टिव्हलाही ७००-८०० नॅनोमीटर. एवढ्या जागेत हजारो प्रथिने एकमेकांना न शिवता मावतात. पिवळा रंग ‘एकाच भागात आहेत’ एवढेच सांगतो. स्पर्शाचा पुरावा हवा असेल तर १ ते १० नॅनोमीटरच्या अंतरावर चालणारे फ्रेट तंत्र किंवा जैवरासायनिक प्रयोग लागतो. शिवाय पिवळेपणा दोन्ही रंग किती वाढवून दाखवले यावरही ठरतो. त्याऐवजी सहसंबंधाचा गुणांक मोजून द्यावा आणि प्रतिमा हिरवा व मॅजेंटा अशा जोडीत दाखवावी. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या वाचकांनाही ती वाचता येते.

यावर पहिला आक्षेप येतो तो यंत्रांच्या बाजूने. आता कॉन्फोकल आहे, २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारी अतिविभेदन तंत्रे आहेत. मग जुन्या मर्यादांची एवढी चर्चा कशाला? मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो कॉन्फोकल फोकसबाहेरचा उजेड एका बारीक छिद्रावर अडवतो. जाड ऊतीसाठी तो अमूल्य आहे. पण कर्क्युमिनची चमक फोकसमधलीच असते, सांडलेला रंग फोकसमधलाच असतो, चुकीच्या जागी चिकटलेली अँटिबॉडीही फोकसमधलीच असते. छिद्र यातले काहीही अडवत नाही. अतिविभेदनात तर हे दोष अधिक रेखीव होऊन समोर येतात, कारण २० नॅनोमीटरपर्यंत जागा कळू लागली की स्थिर करताना झालेली हालचालही संरचनेसारखी भासते. महाग यंत्र चांगल्या नमुन्याला अधिक बोलके करते, वाईट नमुन्याला दुरुस्त करत नाही. दुसरा आक्षेप सॉफ्टवेअरचा. डिकन्व्होल्यूशन प्रकाशशास्त्राच्या ज्ञात नियमांवर चालते, म्हणून मोजमापासाठीही ते जपून वापरता येते. शिकवलेली संगणकीय जाळी मात्र आधी पाहिलेल्या प्रतिमांच्या आधारे हरवलेला तपशील भरून काढतात, आणि तो तपशील तुमच्या पेशीतून आलेला नसतो. शोध घेण्यासाठी ती खुशाल वापरा, निष्कर्षाचा आधार म्हणून वापरू नका.

तिसरा आक्षेप मला सर्वात प्रामाणिक वाटतो. सामायिक सुविधेत मायक्रोस्कोप तासाच्या दराने मिळतो, वेळ आधी नोंदवावी लागते, अँटिबॉडी महाग असते, आणि चार नियंत्रण स्लाइडा म्हणजे चौपट खर्च. यात तथ्य आहे, पण सगळे नाही. नियंत्रणांना प्रत्येकी दोन-तीन क्षेत्रे पुरतात, आणि ती आधी घेतली तर पुष्कळदा पुढचे तासच वाचतात, कारण प्रयोगात दोष असल्याचे पहिल्या अर्ध्या तासात कळते. खर्च वाचवायचा तर तो इतरत्र वाचवता येतो. पेशींची तब्येत आपल्या विभागातल्या फेज मायक्रोस्कोपवर पाहून मगच सुविधेकडे जावे. विश्लेषणासाठी वेन रास्बँड यांनी लिहिलेला इमेजजे आणि त्यावर उभा असलेला फिजी हे दोन्ही विनामूल्य आहेत. मर्क्युरी दिवा असेल तर तो सारखा चालू-बंद करू नये, त्याने आयुष्य घटते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते आणि एकदा आवरण खाल्ले की ऑब्जेक्टिव्ह वाया जाते. म्हणून ऑब्जेक्टिव्ह कोरड्या कपाटात ठेवावीत आणि सिलिका जेल वेळेवर बदलावे. तेलाच्या १०० वरून मागे फिरताना ४० चे कोरडे ऑब्जेक्टिव्ह तेलात बुडवणे हा तर रोजचाच अपघात आहे. ‘चित्र धूसर येते’ ही तक्रार आली की आधी तेच पुसून पाहावे, लेन्स पेपरने.

राहिले नोंदींचे. एक्स्पोजर सर्वात उजळ नमुन्यावर ठरवा, एकही पिक्सेल पांढरा फटक होणार नाही असे बघा, आणि मग ते शेवटच्या स्लाइडपर्यंत बदलू नका. बदलले की उजेडाची तुलना संपली. कॅमेऱ्याचा पिक्सेल नमुन्यावर किती नॅनोमीटरचा पडतो हे काढा: ६.५ मायक्रोमीटरचा पिक्सेल १०० च्या ऑब्जेक्टिव्हखाली ६५ नॅनोमीटर होतो, आणि २०० नॅनोमीटरचा तपशील पकडायला तो पुरतो. मूळ फाइल १२ किंवा १६ बिटची टिफ म्हणून जपा. जेपेगमध्ये आकडे बदलतात. उजळपणा वाढवायचा तर पूर्ण प्रतिमेवर आणि नियंत्रणावरही सारखाच वाढवा. जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीने २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांतल्या प्रतिमांची तपासणी सुरू केली, ती अशा दुरुस्त्यांसाठीच. प्रतिमेखाली ऑब्जेक्टिव्हचे विशालन आणि न्यूमरिकल अपर्चर, फिल्टर, एक्स्पोजर, पेशी स्थिर करण्याची पद्धत आणि स्केल बार एवढे दिले की वाचक तुमचा प्रयोग पुन्हा करून पाहू शकतो. मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना विनंती एवढीच, की विद्यार्थी फ्लुओरेसन्सची प्रतिमा घेऊन आला की तिच्याबद्दल काहीही बोलण्याआधी त्याच एक्स्पोजरवर घेतलेल्या नियंत्रण स्लाइडची मूळ फाइल मागावी, आणि ती नसेल तर प्रयोग पुन्हा करायला सांगावा.